कुंडीतला पेला

परवा कुंडी बदलताना मातीतून तो छोटा पेला निघाला. चौदा महिन्यांपूर्वी मीच पुरलेला. थ्रीडी प्रिंटरवर केलेला, पीएलएचा, म्हणजे मक्याच्या स्टार्चपासून बनणाऱ्या प्लॅस्टिकचा. प्रिंटरला लागणाऱ्या प्लॅस्टिकच्या तारेच्या रिळाच्या खोक्यावर हिरवं पान होतं आणि ‘जैवविघटनशील’ असं ठसठशीत छापलं होतं. पेला धुतला, उजेडात धरला. थरांच्या रेषासुद्धा जशाच्या तशा! कुंडीतलं रोप त्याच्या आधी कुजून गेलं होतं.

खोक्यावरचं खोटं नव्हतं, अर्धवट होतं. पीएलएच्या रेणूंच्या लांब साखळ्या आधी पाण्याने तुटाव्या लागतात, मग सूक्ष्मजीव ते तुकडे खातात. पण या साखळ्या सैल पडतात साधारण ६० अंश सेल्सिअसला. औद्योगिक कंपोस्टची चाचणी ५८ अंशांच्या आसपास घेतात. तिथे हाच पेला काही महिन्यांत संपला असता. माझ्या कुंडीत एवढी धग कुठली? (याच प्लॅस्टिकचा मोबाइल स्टँड मात्र उन्हात बंद गाडीत ठेवला, तर दुपारभरात मान टाकून बसला. नको तिथे मऊ.)

उलटंही असतं. उसाच्या अल्कोहोलपासून पॉलिथिन बनतं, पण रेणू तोच, खनिज तेलापासून बनणाऱ्या पॉलिथिनचा. कुजण्याचं नाव नाही. पीबीएटी नावाचं प्लॅस्टिक मात्र बहुतेक खनिज तेलापासूनच बनतं, तरी कुजतं. कशापासून बनलं आणि शेवटी त्याचं काय होतं, हे दोन वेगळे प्रश्न. ‘बायो’ म्हटलं की दोन्हींवर पांघरूण पडतं, आणि मला वाटतं बऱ्याच जाहिरातींना तेच हवं असतं.

पेल्याच्या रागात मी बटाट्याच्या सालांचा ढीग वाटला, गाळला आणि तळाशी बसलेला स्टार्च काढला. जेमतेम दोन चमचे. त्यात पाणी, ग्लिसरीन, थोडं व्हिनेगर. घट्ट आणि पारदर्शक होईपर्यंत ढवळलं आणि ताटलीत पसरलं. पहिला पापुद्रा सुरेख निघाला. पाचव्या दिवशी दुमडला तर कडकन मोडला. ग्लिसरीन साखळ्यांच्या मध्ये शिरून त्यांना सरकू देतं, पण दिवस जातात तशा त्या पुन्हा एकमेकींना चिकटून रांगा लावतात. ग्लिसरीन वाढवलं तर पापुद्रा चिकट. पाण्यात टाकला तर लगदा. एक पेला जायला तयार नाही, दुसरा पापुद्रा टिकायला!

मधला मार्ग जिवाणूंना केव्हाच सापडलाय. मोरिस लेमोइन्य या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९२६ मध्ये पीएचबी या जिवाणूंच्या प्लॅस्टिकचं वर्णन केलं. खायला भरपूर पण नायट्रोजन कमी, अशा वेळी काही जिवाणू हे प्लॅस्टिक चरबीसारखं पोटात साठवतात. कोरड्या वजनाच्या ८० टक्क्यांपर्यंतही. ते मातीत कुजतं, समुद्रातही. वापरलेलं खाद्यतेल, सांडपाण्याचा गाळ, असल्या खाद्यावरही ते पोसता येतं. मग अडलंय कुठे? पेशी फोडून ते बाहेर काढणं खर्चिक, नुसतं पीएचबी ठिसूळ, आणि ते जिथे वितळतं त्याच्या जरासंच वर मोडायलाही लागतं.

शिवाय खाद्य कचऱ्याचं. कचरा आज एक, उद्या दुसरा. हे मला माझ्याच सालांनी दाखवलं: दुसऱ्या खेपेचे बटाटे कोंब आलेले होते. कोंब येताना स्टार्चची साखर होत जाते, त्यामुळे तेच माप, तीच आच, तरी पापुद्रा वेगळाच. दोन चमच्यांत ही तऱ्हा, तर टनांनी कचरा घेणाऱ्या कारखान्याने रोज एकसारखा माल कसा काढायचा?

चौथ्या ताटलीत कागदाचा लगदा मिसळलाय, तंतूंचा आधार मिळावा म्हणून. आज नववा दिवस. अजून दुमडून पाहिलेला नाही. पेला टाकला नाही, त्यात ग्लिसरीन मोजते.