चौथी बातमी

आमच्या शाळेच्या हीरकमहोत्सवाची पत्रिका मोबाइलवर आली तेव्हा मी शेतात होते. बांधावरच उभी राहून ती दोनदा वाचली आणि डोळ्यांपुढे व्हरांड्यातला, घंटेशेजारचा फळा आला. घंटा म्हणजे तो रुळाचा तुकडा. त्याच्या डाव्या हाताला, ऊन लागणार नाही अशा जागी टांगलेला फळा.

शाळेबद्दल लिहायला पुष्कळ आहे. गॅदरिंग, कवायत, दहावीच्या वर्षी कंदिलावर केलेला रात्रीचा अभ्यास, हे बाकीचे लिहितीलच. मी फक्त भूगोलाच्या सरांबद्दल लिहिणार आहे. त्या काळी शाळेत असलेल्या कुणालाही त्यांचं नाव वेगळं सांगायला नको.

सर शाळेमागच्या खोलीत राहायचे. सकाळी ७ वाजून ५ मिनिटांनी आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून प्रादेशिक बातम्या लागत. चामडी कव्हरातला ट्रान्झिस्टर खिडकीत ठेवून सर पेन्सिलीनं वहीत टिपून घ्यायचे आणि प्रार्थनेच्या आत फळ्यावर चार ओळी लिहिलेल्या असायच्या. पहिल्या तीन जगाच्या, देशाच्या, राज्याच्या. चौथी आपली. कुणाच्या विहिरीला पाणी लागलं, ओढ्याला पूर येऊन वाडीची वाट बंद झाली, कुणाची म्हैस व्याली, वरच्या शिवारात पेरण्या उरकल्या. ती बातमी आणायची पाळी आम्हा मुलांवर असे. प्रत्येक ओळीपुढे कंसात ती कुठून आली ते लिहिलेलं. वरच्या तिन्हींपुढे ‘आकाशवाणी, ७.०५’ आणि चौथीपुढे आमचं नाव. बातमी सांगायला गेलं की सर खडू हातात धरून एकच विचारायचे, “पाहिलंस की ऐकलंस?” ऐकलेली असेल तर खडू खाली. जा, पाहून ये.

ट्रान्झिस्टरचे सेल संपले की सर ते टाकून देत नसत. ते फोडून आतली काळी पूड आम्ही पाल्याच्या रसात खलायचो आणि तोच फळा काळा करायचो. हात आठ-आठ दिवस काळे राहायचे.

१९७९ साली मी आठवीत होते. आषाढी नुकतीच झाली होती. ‘स्कायलॅब पडणार’ एवढे दोनच शब्द तेव्हा गावोगाव पोचले होते. अमेरिकेनं १९७३ मध्ये वर सोडलेली ती सुमारे ७७ टनांची प्रयोगशाळा होती, १९७४ पासून तिच्यात कुणी माणूस नव्हतं आणि सूर्यावरची उलथापालथ वाढून वरची हवा फुगल्यामुळे ती अंदाजाच्या आधीच खाली येत होती, हे सगळं सरांनी फळ्यावर चित्र काढून सांगितलं होतं. पण वाडीवर फळा नव्हता. वाडीवर आभाळ कोसळणार होतं. लोकांनी कोंबड्या कापून खाल्ल्या. एकानं बियाण्याला ठेवलेलं धान्य दळून आणलं. बाजारात शेळ्या मातीमोल गेल्या. आमच्या आजीनं मला शाळेत पाठवायचं बंद केलं. म्हणाली, “मरायचं तर समद्यांनी एका जागी मरू.”

मी दोन दिवस गैरहजर राहिले आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सर आले. चिखलात सायकल रुतली म्हणून ती ओढ्यापलीकडे बाभळीला टेकवून, धोतर गुडघ्यापर्यंत खोचून, ट्रान्झिस्टर काखेत धरून चालत आले होते. आमच्या ओट्यावर बसले. आई ज्वारी पाखडत होती, ते सूप त्यांनी मागून घेतलं. एक दाणा उचलला, त्याला आजीच्या करंड्यातलं कुंकू लावलं, परत सुपात टाकला आणि सूप चांगलं हलवलं.

“आजी, डोळे मिटून हा दाणा काढा बघू.”

आजीनं तीनदा हात घातला. तिन्ही वेळा पांढरा दाणा.

“हे सूप म्हणजे आपली पृथ्वी धरा. त्यात तुमचं घर त्या एका दाण्याएवढंही नाही. आणि पृथ्वीचे तीन भाग तर पाणीच आहे.”

आजी थोडा वेळ गप्प बसली. मग तिनं विचारलं, “पर मास्तर, तुमी खात्रीनं सांगता का, आपल्यावर न्हाई पडनार म्हनून?”

मी सरांकडे पाहत होते. त्यांनी हो म्हणावं म्हणून जीव कंठाशी आला होता. वाडीवरचे दहा-पंधरा जण अंगणात उभे होते. सर म्हणाले, “नाही आजी, खात्री नाही. नेमकी कुठं पडणार ते ज्यांनी बनवली त्यांनाही सांगता येत नाही. मला एवढंच माहीत आहे की उद्या अकरा वाजता शाळा उघडायची आहे आणि मी तिथं असणार आहे.”

आजीनं त्या रात्री कोंबड्या डालून ठेवल्या. कापायला काढलेली तांबडी कोंबडीही त्यांच्यातच गेली.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेले. ११ जुलैच्या रात्री स्कायलॅब पडली. तुकडे हिंदी महासागरात आणि पुढं पश्चिम ऑस्ट्रेलियात विखुरले. कुणालाही इजा झाली नाही. १२ तारखेला सरांनी खडू माझ्या हातात दिला. तोवर फळ्यावर कधी मुलीनं लिहिलं नव्हतं. ‘ऑस्ट्रेलिया’ लिहिताना माझा ट्र दोनदा पुसावा लागला. तीन ओळी झाल्यावर त्यांनी विचारलं, “चौथी?” मी सांगितलं आणि त्यांनी तशीच लिहायला लावली: ‘वाडीवरील सर्व माणसे, शेळ्या व उरलेल्या कोंबड्या सुखरूप.’ कंसात माझं नाव.

पुढच्या वर्षी, १८ जुलै १९८० ला, श्रीहरिकोट्याहून आपल्याच अग्निबाणानं ‘रोहिणी’ उपग्रह वर गेला. ती बातमीही सरांनी मलाच लिहायला दिली. म्हणाले, “पडल्याची तू लिहिलीस, आता चढल्याचीही तूच लिही.”

मी पुढं आरोग्य सेविका झाले. ३३ वर्षं नोकरी केली, तीन उपकेंद्रं सांभाळली, पावसाळ्यात पाण्यातून चालत जाऊन बाळंतपणं केली. घरच्यांना त्याचा अभिमान आहे आणि मलाही आहे. पण सरांचं खरं देणं काय होतं ते मला २०२१ साली कळलं. जानेवारीत करोनाचं लसीकरण सुरू झालं तेव्हा पहिली लस आम्ही आरोग्य कर्मचाऱ्यांनीच घेतली. मार्चपासून म्हाताऱ्या माणसांची पाळी आली आणि आमच्या उपकेंद्राच्या एका वस्तीवर आम्ही पोचलो तर घरांना कड्या. लोक रानात निघून गेले होते. लस घेतली की माणूस दोन वर्षांत मरतो, असं मोबाइलवर फिरत होतं.

एका म्हाताऱ्या मावशी तेवढ्या सापडल्या, गुडघे दुखत होते म्हणून पळू शकल्या नव्हत्या. त्यांनी अगदी आमच्या आजीसारखंच विचारलं, “बाई, काही होणार नाही असं खात्रीनं सांगता का?” सोबतची मुलगी ‘हो’ म्हणणार होती. मी तिला थांबवलं. म्हटलं, “मावशी, एक-दोन दिवस ताप येईल, हात दुखेल. हजारो लोकांना दिली, त्यांचं काय झालं ते मला माहीत आहे. दहा वर्षांनी काय होईल ते मला माहीत नाही. पण मी घेतली आहे, आणि उद्या सकाळी मी इथं तुमचा ताप बघायला येणार आहे.” त्यांनी पदर खांद्यावरून सारला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेले तेव्हा ताप होता आणि दारात आणखी सातजण बसले होते.

१ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला मुलं पळवणारी टोळी समजून पाच जणांना जमावानं ठार मारलं. भिक्षा मागून पोट भरणारी, भटक्या समाजातली माणसं होती ती. मोबाइलवर फिरलेली अफवा, बाकी काही नाही. ती बातमी ऐकून मी रात्रभर झोपले नाही. एवढ्या माणसांत “पाहिलंस की ऐकलंस” विचारणारं एकही माणूस नव्हतं का, हेच मनात येत राहिलं.

गेल्या दिवाळीत शाळेत जाऊन आले. वर्गात मोठा पडदा आहे, मुलांना तारांगण दिसतं, छान आहे. व्हरांड्यात फळ्याच्या जागी देणगीदारांच्या नावांचा फ्लेक्स लावलाय. फळा प्रयोगशाळेच्या मागं, मोडक्या बाकांच्या खाली होता. शिपाईदादांनी बाहेर काढून दिला. एक कोपरा उडालाय, बाकी लाकूड शाबूत आहे. संस्थेला माझी हात जोडून विनंती आहे, महोत्सवाच्या आधी तो पुन्हा घंटेशेजारी लागू द्या. रंगाचा आणि सुताराचा खर्च मी करते. रोजची चौथी बातमी मुलांना आणू द्या. कुणाच्या शेतात काय उगवलं, कुणाची बोअर आटली, वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांचं पुढं काय होणार, हे त्यांनी स्वतः जाऊन पाहून लिहू द्या.

पत्रिका आली त्या संध्याकाळी सरांना फोन केला. आता ऐकू कमी येतं, सूनबाई शेजारी बसून मोठ्यानं सांगतात. महोत्सवाला येणार का विचारलं. ते त्यांनी ऐकलं की नाही कळलं नाही, कारण ते म्हणाले, “तुमच्याकडं पाऊस आहे का?”

मी म्हटलं, “आहे म्हणतात, सर.”

“पाहिलंस की ऐकलंस?”

मी उठले, दार उघडलं, अंगणात हात धरून उभी राहिले. मग सांगितलं, “भुरभुर चालू आहे, सर. हात ओला झाला.”