पाचारण आईवडिलांना, बिऱ्हाड मुलांचंही

परदेशी मिशनरी सेवेला निघालेल्या कुटुंबाला मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, निरोप देताना सगळ्यांना पुढे बोलावतात. डोक्यावर हात ठेवून प्रार्थना होते आणि त्या हातांच्या गर्दीत सहा वर्षांचं पोर मधोमध उभं असतं. पाचारण, म्हणजे सेवेसाठी देवाची हाक, आईवडिलांना झालेलं, सामान मात्र त्याचंही बांधलेलं. मिशनरी घरातल्या मुलांच्या बऱ्याचशा कटकटी इथून सुरू होतात. मोठी माणसं मुलाला नकळत सेवेचा भाग धरून चालतात आणि वर्षानुवर्षं ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

पहिली चूक बहुतेक वेळा वार्तापत्रात होते. देणगी देणाऱ्यांना महिन्या-दोन महिन्यांनी पत्र जातं आणि मुलांचा फोटो असला की ते आवडीने वाचलं जातं. मग त्यात मुलांच्या बातम्या शिरतात: दात पडला, गणितात नापास झाली, नव्या घरात घाबरतो आणि अंथरूण ओलं करतो, प्रार्थना करा. दोन वर्षांनी सुट्टीवर आल्यावर एखाद्या अनोळखी मावशी त्या मुलाला सगळ्यांदेखत विचारतात, "आता अंथरूण कोरडं असतं ना रे?" त्यांचा हेतू वाईट नसतो, पण मूल ते विसरत नाही. म्हणून सात-आठ वर्षांपासून पुढे मुलाबद्दलची प्रत्येक ओळ पाठवण्याआधी त्याला वाचून दाखवावी. त्याने "नको" म्हटलं की कारण न विचारता खोडावी. आजारपण, मार्क, भांडणं, बाप्तिस्मा घ्यावा की नाही याबद्दलचं त्याचं मन, हे लिहूच नये. शाळेचं नाव, गणवेश आणि चेहरा एका फोटोत येऊ देऊ नये. जिथे मिशनच्या कामावर नजर असते तिथे फोटो पाठमोरा, आणि नाव नाही.

कौटुंबिक उपासनेचं गणित सोपं आहे, तरी ते चुकतं. तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी पाच मिनिटं पुरतात: एक गीत, गोष्टीचा एक तुकडा, एका वाक्याची प्रार्थना. आठ-दहा वर्षांच्या मुलांना दहा-पंधरा मिनिटं झेपतात, वाचनही त्यांनाच करू द्यावं. शास्त्रभाग, म्हणजे बायबलमधला उतारा, दहा ओळींपेक्षा मोठा नसावा, आणि प्रश्न एकच, तोही ज्याचं उत्तर 'येशू' हे नसेल असा. बिघडतं कुठे? वडील रविवारचा उपदेश जेवणाच्या टेबलावर सुरू करतात तिथे. आणि प्रार्थनेतून रागावलं जातं तिथे. "हे प्रभू, आमच्या मुलीला खोटं न बोलण्याची बुद्धी दे," हे देवाला उद्देशून नाही, हे पाच वर्षांच्या मुलीलाही कळतं. रागवायचं असेल तर सरळ रागवावं, देवाला मध्ये घेऊ नये.

पैशाचंही तसंच. देणगीवर चालणाऱ्या घरात महिना कधी भरतो, कधी अडतो. मुलाने बूट मागितले आणि प्रत्येक वेळी "देवाने दिले तर घेऊ" असं उत्तर आलं, तर काही वर्षांनी त्याच्या हिशेबात देव चिक्कू ठरतो. "या महिन्यात पैसे कमी आहेत, पुढच्या महिन्यात बघू" हे उत्तर खरंही आहे आणि निरुपद्रवीही.

आता शाळा. सगळ्यात जास्त रात्री याच विषयावर जागवल्या जातात. पर्याय साधारण चार: गावातली स्थानिक शाळा, आंतरराष्ट्रीय शाळा, घरी शिकवणं, आणि मिशनरी मुलांसाठीचं बोर्डिंग. स्थानिक शाळेत भाषा आणि मित्र दोन्ही लवकर मिळतात. पण सुरुवातीचे काही महिने मूल वर्गात गप्प बसू शकतं, त्याला लगेच मतिमंद किंवा हट्टी ठरवू नये. भाषातज्ज्ञ जिम कमिन्स यांनी दाखवलेला फरक इथे उपयोगी पडतो. खेळण्या-बोलण्यापुरती नवी भाषा साधारण दोन वर्षांत येते, मात्र त्या भाषेत इतिहास-विज्ञान शिकण्याइतकी पकड यायला पाच ते सात वर्षं लागतात. म्हणजे मूल फडाफडा बोलू लागलं म्हणून पालक निश्चिंत होतात, आणि चौथीनंतर मार्क घसरले की आळशीपणाचा ठपका ठेवतात. दर तीन वर्षांनी शिक्षणाची भाषा बदलणं त्याहून वाईट, कारण एकही भाषा त्या टप्प्याला पोचत नाही. बदली अटळ असेल तर देश बदलला तरी शिक्षणाचं माध्यम तेच राहील एवढं तरी सांभाळावं. घरी मात्र आईवडिलांनी आपल्या मायबोलीतच बोलावं आणि रोज पंधरा-वीस मिनिटं तिचं वाचन-लेखन ठेवावं. नुसत्या बोलण्यावर लिपी टिकत नाही.

इथे एक सापळा आहे. वर्षभरात मुलाची स्थानिक भाषा आईवडिलांपेक्षा चांगली होते आणि तेच घराचं दुभाषी बनतं. बाजारात ठीक आहे. पण दवाखान्यात आईच्या आजाराचं निदान, किंवा दारात आलेल्या माणसाच्या घरातली मारहाण, हे दहा वर्षांच्या तोंडून वदवून घेऊ नये. त्यासाठी मोठा माणूस शोधावा, नाहीतर थांबावं.

घरी शिकवायचं ठरलं तर शिकवणाऱ्याचे, बहुतेक घरांत आईचे, रोजचे तीन-चार तास त्यात जातात हे आधी मान्य करावं. सेवेच्या वेळापत्रकातून तेवढे तास कमी केले नाहीत तर सहा महिन्यांत वह्या कोऱ्या राहतात आणि दोष मुलावर येतो.

बोर्डिंगबद्दल थोडं सविस्तर, कारण मागचा इतिहास माहीत असलेला बरा. एकोणिसाव्या शतकात मुलं सहा-सात वर्षांची झाली की त्यांना मायदेशी पाठवण्याची रीत होती. चायना इनलँड मिशन या मिशनरी संस्थेने १८८१ मध्ये चीनमध्येच चीफू इथे शाळा काढली, म्हणजे निदान समुद्र तरी ओलांडायला नको. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी तिथली मुलं आणि शिक्षक चीनमधल्याच वेइशियनच्या कैदी छावणीत ठेवले, आणि काही मुलांना वर्षानुवर्षं आईवडील दिसले नाहीत. ऑलिंपिक धावपटू एरिक लिडल त्याच छावणीत होते. १९०२ मध्ये तिआनजिनला मिशनरी घरात जन्मलेल्या लिडल यांना आईवडिलांनी सहाव्या वर्षाच्या सुमारास इंग्लंडच्या वसतिगृहात ठेवलं होतं. पुढे ते स्वतः मिशनरी झाले. १९४१ मध्ये त्यांनी गरोदर पत्नीला आणि दोन मुलींना कॅनडाला पाठवलं. फेब्रुवारी १९४५ मध्ये ते छावणीत वारले, तिसरी मुलगी त्यांनी पाहिलीच नाही. छावणीतल्या आईबापाविना मुलांना खेळ आणि विज्ञान शिकवणारा माणूस मात्र तेच होते.

याची दुसरी बाजू गडद आहे. पश्चिम आफ्रिकेतल्या गिनीमध्ये मामू इथल्या मिशनरी मुलांच्या बोर्डिंगबद्दल १९९० च्या दशकात स्वतंत्र चौकशी झाली, आणि मुलांवर झालेले अत्याचार त्यात नोंदले गेले. अशा ठिकाणी मुलं गप्प का राहतात, हे समजून घेण्यासारखं आहे. घरी जाणारी पत्रं कर्मचारी वाचत. आणि 'तू तक्रार केलीस तर बाबांची सेवा थांबेल, कितीतरी आत्मे तारणाला मुकतील' हे ओझं लहान खांद्यावर असे. म्हणून आज बोर्डिंग निवडताना इमारत आणि निकाल यांच्या आधी हे विचारावं: बालसंरक्षणाचं लेखी धोरण आहे का? तक्रार मिशनच्या बाहेरच्या माणसाकडे करता येते का? एका वसतिगृह-पालकाकडे किती मुलं? मुलाला घरी फोन करताना खोलीत दुसरं कुणी असतं का? उत्तर देताना समोरचा दुखावला, तर ते उत्तरच समजावं. आणि मुलाला जाण्याआधी स्पष्ट शब्दांत सांगावं: "तू बोलवलंस तर आम्ही येऊ. सेवा थांबली तरी चालेल." ते म्हणताना आईवडिलांची जीभ अडखळत असेल तर बोर्डिंगचा विचार पुढे ढकलावा.

मोठ्या सुट्टीत मायदेशी आल्यावर मंडळ्यांच्या भेटी सुरू होतात. दर रविवारी नवी मंडळी, नवे चेहरे, स्टेजवर गीत गायचा आग्रह. मुलांना एकच मंडळी ठरवून द्यावी, तिथल्या संडे स्कूलमध्ये त्यांनी नेमाने जावं, फिरतीवर आईवडिलांपैकी एकाने एकट्याने जावं. स्टेजवर जायचं की नाही हे मुलाने ठरवावं. नातलगांनीही "इथलं आवडतं की तिथलं?" हा प्रश्न सोडून द्यावा. समाजशास्त्रज्ञ रूथ हिल युसीम यांनी १९५० च्या दशकात भारतात राहणाऱ्या अमेरिकन कुटुंबांचा अभ्यास करताना अशा मुलांना 'तिसऱ्या संस्कृतीची मुलं' म्हटलं ते यासाठीच. त्यांचं आपलेपण जागेपेक्षा आपल्यासारख्याच मुलांशी जास्त जुळतं. "तिथे तुझा मित्र कोण?" असं विचारलं तर गप्पा निघतात.

निघण्याची तयारी तीन महिने आधी सुरू करावी. या क्षेत्रात, अशा मुलांचे अभ्यासक डेव्हिड पोलॉक यांची चार पायऱ्यांची रीत वापरली जाते: रुसवे मिटवणं, ज्यांचं देणं लागतो त्यांचे आभार मानणं, माणसं-जागा-वस्तू-प्राणी या सगळ्यांचा निरोप घेणं, आणि मग पुढच्या ठिकाणाचा विचार. घाईत पहिली पायरीच गाळली जाते, आणि मित्राशी राहिलेलं भांडण मूल दुसऱ्या देशात घेऊन जातं. प्रत्येकाला एक बॅग पूर्ण स्वतःच्या मर्जीची द्यावी, त्यात दगड भरले तरी. खेळणी परस्पर वाटून टाकू नयेत. लसीकरणाची मूळ नोंद, जन्मदाखला आणि प्रत्येक शाळेचे गुणपत्रक हातातल्या बॅगेत, प्रती वेगळ्या ठिकाणी.

एका गोष्टीची तजवीज सगळ्यात कमी होते. मूल अठराव्या वर्षी कॉलेजसाठी मायदेशी परततं, आईवडील तिकडेच असतात. सत्र सुरू असताना वसतिगृह असतं, पण मोठ्या सुट्टीत ते बंद झालं की कुठे जायचं? दर सुट्टीत वेगळा पाहुणचार नको. आत्या, मामा किंवा मंडळीतलं एखादं घर आधी ठरवून घ्यावं. तिथे त्याच्या नावाचं एक कपाट असावं आणि दाराची एक किल्ली त्याच्याजवळ असावी.