आमच्या घराला कुठलं ओटीटी परवडलं

ओटीटी, म्हणजे इंटरनेटवरून मालिका-मॅच दाखवणारं ॲप, घ्यायचं म्हटलं की सगळे आधी विचारतात, कुठल्या ॲपवर काय आहे. मी आधी टीव्ही भिंतीवरून थोडा पुढे ओढून मागचं स्टिकर वाचलं. बत्तीस इंच, एचडी रेडी. म्हणजे पडद्यावर उभ्यात साधारण ७२० ओळी दिसणार, त्यापलीकडे काही नाही. त्याहून बारीक चित्राचे जास्त पैसे घेणारे अर्धे प्लॅन तिथेच बाद झाले.

झालं असं, की २०२५ च्या पावसाळ्यात आम्ही अमळनेरच्या घरी फायबर घेतलं आणि केबल बंद केली. घरात माय, आप्पा, आम्ही दोघं, दहावीतली मुलगी आणि तिसरीतला मुलगा. धाकटा भाऊ पुण्याला नोकरीला. केबल गेल्यावर मायने पहिल्याच दिवशी विचारलं, "आते टीवी दखालेबी पैसा देना पडस का?" केबललाही दर महिन्याला पैसे जातच होते, पण ते आप्पा द्यायचे, त्यामुळे मायच्या हिशोबात ते कधी आलेच नव्हते.

फायबर जोडायला आलेला मुलगा म्हणाला, भाऊ, ओटीटीवाला पॅकच टाकून देतो, ढीगभर ॲप येतात. साध्या पॅकपेक्षा महिन्याला दोनशे रुपये जास्त. वर्षाचे चोवीसशे, त्यावर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे अठ्ठावीसशेच्या वर. त्या ढिगातली बरीच ॲप आमच्यापैकी कोणी उघडलीही नसती. म्हटलं, साधाच टाक, बाकीचं आम्ही बघतो.

मग बायकोने कॅलेंडरच्या एका जुन्या पानामागे आठवडाभर लिहून ठेवलं: कोण, काय, किती वाजता, कशावर. या कागदाने जेवढं काम केलं तेवढं इंटरनेटवरच्या कुठल्याच तक्त्याने केलं नाही. मायला स्टार प्रवाहच्या मालिका, संध्याकाळी सातनंतर, टीव्हीवरच. आप्पांना क्रिकेट, आणि दुपारी फोनवर अहिराणी कॉमेडी. ती यूट्यूबवर फुकट आहे आणि आप्पांच्या मते बाकी सगळ्यापेक्षा सरस आहे. मुलीला कोरियन मालिका, मुलाला कार्टून. बायको म्हणाली, माझं काहीही चालेल. कागदावर मात्र तिची झी मराठीची मालिका रोज होती.

खरी अडचण रात्री आठ ते साडेनऊची. मॅच आणि मालिका एकाच वेळी. म्हणून आमच्यासाठी मुख्य प्रश्न होता तो एकाच वेळी किती स्क्रीन चालतात हा.

स्टार प्रवाह, आयपीएल, भारतात होणाऱ्या टीम इंडियाच्या मॅचेस आणि वर्ल्डकप हे सगळं जिओहॉटस्टारवर. फेब्रुवारी २०२५ मध्ये जिओसिनेमा आणि हॉटस्टार एक झाले, त्याचा हा फायदा. तेव्हा त्याचे तीन प्लॅन होते. मोबाईल, वर्षाला ४९९, एकच स्क्रीन आणि तोही फोनचाच. सुपर, ८९९, दोन स्क्रीन, टीव्हीसुद्धा चालतो, जाहिराती येतात. प्रीमियम, १४९९, चार स्क्रीन, जाहिराती नाहीत. मला वाटत होतं की सहाशे रुपये गेले तरी चालतील, पण जाहिराती नकोत. बारीक अक्षर वाचल्यावर कळलं की लाइव्ह मॅचमध्ये प्रीमियमवाल्यालाही जाहिराती दिसतातच. आप्पांसाठी काहीच फरक पडणार नव्हता, आणि मालिकेतली जाहिरात ही मायची पोळी उलटून यायची वेळ. सुपर घेतलं. टीव्हीवर मालिका, आप्पांच्या फोनवर मॅच.

रिचार्जसोबत जिओहॉटस्टार 'फुकट' मिळतं असं शेजारच्यांनी सांगितलं होतं. मिळतं, पण अशा पॅकमध्ये बहुतेकदा मोबाईलचाच प्लॅन असतो. तो टीव्हीवर लावायला गेलात की अडलात.

नेटफ्लिक्सचं गणित त्या स्टिकरने सोपं केलं. २०२१ च्या डिसेंबरात त्याचे दर उतरले. आम्ही बघितलं तेव्हा चार प्लॅन होते. १४९ चा मोबाईल, फक्त फोन आणि टॅबवर. १९९ चा बेसिक, एक स्क्रीन, ७२०पी म्हणजे आमच्या टीव्हीएवढ्याच ओळी, टीव्हीवर चालतो. ४९९ चा स्टँडर्ड, दोन स्क्रीन, फुल एचडी. ६४९ चा प्रीमियम, चार स्क्रीन, फोर-के म्हणजे सगळ्यात बारीक चित्र. दुकानदार, मित्र, सगळे सांगतात की फोर-केचं चित्र काय सुंदर दिसतं. दिसतं, पण त्याला फोर-के टीव्ही लागतो. आमच्या पडद्याला बेसिकच पुरतो. मुलगी "एकाच स्क्रीनमध्ये कसं भागायचं" म्हणून थोडी कुरकुरली, पण नेटफ्लिक्स घरात तिच्याशिवाय दुसरं कोणी बघतच नव्हतं.

त्यातही वर्षभर नाही. दिवाळीची सुटी आणि परीक्षेनंतरचा उन्हाळा मिळून चार महिने, ७९६ रुपये. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा पंचेचाळीसला टेकतो, दुपारी पोरं घरातच कोंडलेली असतात, तेव्हा ते पैसे वसूल होतात. प्लॅन थांबवला तरी आपण काय बघत होतो याची नोंद नेटफ्लिक्स दहा महिने ठेवतं, म्हणून पुन्हा सुरू केलं की मालिका सोडली तिथून लागते. दोन्ही मिळून वर्षाला १६९५. बायकोच्या मालिकेसाठी झी फाइव्हचा फक्त मराठीचा पॅक वेगळा घेतला. तो माझ्या यादीत नव्हता, तिने न विचारता घेतला, आणि बरं केलं.

ॲमेझॉन प्राइम नाही घेतलं. १४९९ भरूनही १७ जून २०२५ पासून त्यात जाहिराती आल्या, त्या घालवायला वर्षाला आणखी ६९९. ज्यांच्या घरी दर आठवड्याला पार्सल येतं त्यांना डिलिव्हरीमुळे ते परवडेल. आमची खरेदी अजून बाजारपेठेतच होते.

सप्टेंबरात आशिया कप आला आणि तो निघाला सोनी लिव्हवर. आप्पा गप्प बसले. त्यांचं गप्प बसणं आमच्याकडे बोलण्यापेक्षा महाग पडतं, म्हणून महिनाभरासाठी तेही घेतलं.

असं महिन्या-दोन महिन्यांसाठी घ्यायचं तर ऑटोपेकडे, म्हणजे खात्यातून दर वेळी आपोआप कापल्या जाणाऱ्या पैशांकडे, लक्ष हवं. पैसे कापायच्या किमान चोवीस तास आधी सूचना यायला हवी असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, पण ती सूचना गॅस बुकिंग आणि कर्जाच्या मेसेजमध्ये हरवते. मी घेतल्या दिवशीच ॲपमध्ये जाऊन प्लॅन रद्द करतो. भरलेला महिना संपेपर्यंत चालू राहतो, पुढचे पैसे जात नाहीत. यूपीआयवरून भरलं असेल तर यूपीआय ॲपमधल्या ऑटोपेच्या यादीतही एकदा बघतो.

पुण्याच्या भावाने आमचा नेटफ्लिक्सचा पासवर्ड मागितला होता. २०२३ च्या जुलैपासून ते एका घरापुरतंच चालतं, शिवाय बेसिकला स्क्रीन एकच. त्याला म्हटलं, तू फोनवरच बघतोस, १४९ चं तुझं तू घे. दोन दिवस फुगला, मग घेतलं.

मुलासाठी लहान मुलांचं प्रोफाइल करून बाकीच्यांना पिन लावला. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांनुसार कार्यक्रमावर वयाचा शेरा आणि तेरा वर्षांवरच्या मजकुराला कुलपाची सोय ॲपला द्यावीच लागते, पण ते कुलूप आपण लावलं तरच लागतं. पिन आम्हा दोघांनाच माहीत आहे. आप्पांनी एकदा मागितला. नातू त्यांच्याकडून लाडीगोडी लावून काढून घेईल, म्हणून दिला नाही.