नरसाळ्यांचा धंदा : आमची वाटचाल

कारखान्याला वीस वर्षं झाली, माहितीपत्रकात छापायला काहीतरी लिहून द्या, असं मुलगी सहा महिने मागे लागली होती. तिने स्वतः एक मजकूर लिहून आणला होता. त्यात ‘गुणवत्तेचा ध्यास’ वगैरे होतं. ते मी खोडलं. ध्यास कसला, मशीनचे हप्ते फेडायचे होते.

आम्ही ऑटोस्कोपचे डिस्पोजेबल स्पेक्युलम बनवतो. डॉक्टर कानात बघतात त्या दिव्याच्या तोंडावरची काळी टोपी. मोठ्यांसाठी ४ मिलिमीटर, पोरांसाठी अडीच. पॅकिंगच्या बायका तिला नरसाळं म्हणतात आणि आता मीही तेच म्हणतो. बिलावर मात्र स्पेक्युलम.

२००४ साली भोसरीत अर्धा गाळा भाड्याने घेतला. भागीदार अण्णा. एका मोठ्या कंपनीच्या टूलरूममधून, म्हणजे साचे बनवायच्या विभागातून, व्हीआरएस घेऊन बाहेर पडलेले, माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी मोठे. पैसे दोघांचे निम्मे निम्मे, अक्कल बरीचशी त्यांची. मशीन जुनं, प्लास्टिक वितळवून साच्यात दाबणारं, ६० टनी, हीटर पट्ट्या महिन्याआड जाणारं. पहिली चार कॅव्हिटीची डाय, म्हणजे एका वेळी चार नग काढणारा साचा, अण्णांनी स्वतः केली. नरसाळ्याची आतली पोकळी घडवणाऱ्या कोअर पिनांना तर ते दुसऱ्या कुणाला हातही लावू देत नसत. बांबूची काडी तासायची, तिला डायमंड पेस्ट लावायची आणि पिनेच्या लांबीच्या दिशेने घासत बसायचं. गोल फिरवून घासलं की माल निघताना पिनेला धरतो, हे त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात दोनदा सांगितलं. मी दोन्ही वेळा गोलच घासलं होतं.

मोल्डिंगवाल्यांना यातली मेख लगेच कळेल. नरसाळं आरपार, म्हणजे पिनेचं टोक समोर कॅव्हिटीत घट्ट बसायला हवं. ती बैठक केसभर झिजली की फ्लॅश, म्हणजे कडेला प्लास्टिकचा जादा पापुद्रा, येतो, आणि येतो तोही नेमका कानात जाणाऱ्या तोंडावर. बादलीला फ्लॅश आला तर पोऱ्या सुरीने खरवडतो. इथे कानाच्या नळीच्या आतल्या भागात हाडावर थेट कातडी असते, कागदासारखी. कड लागली की पेशंट खुर्चीतून उडतो. शिवाय पीपी, म्हणजे आमचं प्लास्टिक, थंड होताना आकसतो दीड-दोन टक्के, त्यामुळे मागचं तोंड एकाच्या दिव्यावर घट्ट बसतं तर दुसऱ्याच्या दिव्यावरून गळून पडतं. जर्मन दिवा वेगळा, अमेरिकन वेगळा, आपल्याकडे मिळणाऱ्या नकला आणखी वेगळ्या. पहिली दोन वर्षं याच भानगडीत गेली.

फ्लॅश बघायची युक्ती आम्हाला शिकवली नारायणगावच्या एका कान-नाक-घसा डॉक्टरीणबाईंनी. मॅडम आमच्या पहिल्या गिऱ्हाईक. पावसाळ्यात विहिरीत पोहणारी पोरं कानात बुरशी घेऊन त्यांच्याकडे यायची आणि स्टीलचे मोजके स्पेक्युलम उकळून उकळून त्या कंटाळल्या होत्या. मी नमुने घेऊन गेलो. त्यांनी पिशवी फोडली, एक नरसाळं काढलं आणि त्याचं टोक स्वतःच्या खालच्या ओठावरून फिरवलं. मग कापसाचा पुंजका घेतला आणि कडेवरून ओढला. दोन तंतू अडकले.

“अहो, हे मी लेकराच्या कानात घालू?” एवढंच म्हणाल्या.

मी माल उचलून परत आलो. अण्णांनी ऐकून घेतलं, चहा अर्धा ठेवला आणि डाय उतरवायला घेतली. तेव्हापासून आमच्याकडे दर तासाला प्रत्येक कॅव्हिटीचा एक पीस कापसावर ओढला जातो. तंतू अडकला की मशीन बंद. मॅडमचे महिन्याला दोन बॉक्स आजही जातात. वीस वर्षांत एकदाही पैसे मागावे लागले नाहीत.

२००७ ते २०१५ बरं चाललं. त्यात लिहिण्यासारखं काही नाही.

आता मूळ गोष्ट. मुलगी म्हणते हे लिहू नका, पण लिहिणार. २०१६ ला मुंबईचा एक डीलर आमचा जवळजवळ सगळा माल उचलत होता. तो म्हणाला, आठ कॅव्हिटीची डाय करा, निम्मे पैसे मी देतो, मालातून वळते करून घ्या. अण्णांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, म्हणून डाय बाहेरच्या टूलरूमला दिली. ड्रॉइंग त्या टूलरूमच्या संगणकात, आणि ॲडव्हान्स परस्पर डीलरने भरलेला. मी मूर्ख, मला सोयीचं वाटलं.

२०१८ च्या फेब्रुवारीत ऑर्डर थांबली. चार महिन्यांचं पेमेंट अडकलेलं. फोन केला की “शेठ बाहेर गेलेत.” मग एका डॉक्टरांचा फोन आला, तुमच्या मालाने पेशंटच्या कानात ओरखडा आला, लाज वाटत नाही का? त्यांच्याकडून पिशवी मागवली. पिशवी आमच्यासारखी, लेबल आमच्यासारखं, नावात एक अक्षर इकडचं तिकडे. आत त्याच ड्रॉइंगची नरसाळी, डीलरने परस्पर काढलेली. अण्णांनी एक उभं चिरलं. एका बाजूची भिंत जाड, दुसरीकडे उजेड दिसेल इतकी पातळ. पिन वाकत होती. आत करडे ठिपके, आणि वितळवून पाहिलं तर जळक्या वायरचा वास. कुठला तरी रीग्राइंड, म्हणजे भंगार प्लास्टिक दळून केलेला दाणा. काळ्या मास्टरबॅचखाली, म्हणजे रंगाच्या दाण्याखाली, सगळं लपतं. आम्ही काळा रंग घेतो तो आतल्या भिंतीवरून उजेड परावर्तित होऊन डॉक्टरांच्या डोळ्यावर येऊ नये म्हणून. यांनी कचरा झाकायला घेतला. आणि नगामागे तीस पैशांनी स्वस्त!

त्याच वर्षी जूनमध्ये राज्यात प्लास्टिकबंदी लागू झाली. आमचा माल त्यात येत नव्हता, पण टेम्पोवाल्याला कोण समजावणार? बँकेच्या सीसीचं, म्हणजे धंद्याच्या खेळत्या कर्जाचं, व्याज थकलं. मशीन बघायला गिऱ्हाईकही येऊन गेलं. बायकोने पाटल्या काढून टेबलावर ठेवल्या. अण्णा म्हणाले, “वहिनी, त्या उचला आधी,” आणि दुसऱ्या दिवशी स्वतःची एफडी मोडून आले. मला विचारलंही नाही.

मॅडमना मी काही सांगितलं नव्हतं, त्यांना बाहेरून कळलं. डॉक्टरांच्या कुठल्याशा बैठकीत त्यांनी दोन्ही नरसाळी आणि कापसाचा पुंजका टेबलावर ठेवला आणि ओढून बघा म्हणाल्या. आठवड्यात अकरा डॉक्टरांचे फोन आले. जुन्नर, मंचर, संगमनेर, एक तर थेट बार्शीचा. आम्ही एसटीच्या पार्सलने बॉक्स पाठवायला लागलो आणि डीलर हा प्रकारच बंद केला. त्या मुंबईवाल्याची डाय दीड वर्षात झिजली म्हणे. मऊ पोलादाची होती.

लॉकडाउनमध्ये ओपीडी बंद, त्यामुळे आम्हीही बंद. सगळे फेस शील्डकडे धावले, आम्ही पिनांना ग्रीस लावून बसलो. २०२१ ला अण्णा गेले. त्यांच्या बांबूच्या काड्या अजून ड्रॉवरमध्ये आहेत.

नव्याने धंद्यात येणाऱ्यांसाठी दोन गोष्टी सांगतो, कुणी विचारलं नसलं तरी. डायचे पैसे गिऱ्हाइकाकडून घेऊ नका, कर्ज काढा. आणि पिना रात्री गाळ्यात ठेवू नका. आमच्या पिना तेलकट कागदात गुंडाळून स्टीलच्या डब्यात घरी येतात. तो डबा फ्रिजवर असतो, त्यावरून घरात कटकट होते, होऊ दे. डॉक्टरांनाही एक सांगायचंय. डिस्पोजेबल म्हणजे सॅव्हलॉनच्या वाटीत बुडवून पुढच्या पेशंटला नव्हे. एकदा वापरलं की लाल पिशवीत. तुमच्या टेबलावरच्या त्या वाटीने आमचा जेवढा धंदा बुडवला तेवढा त्या डीलरनेही बुडवला नाही.

मागच्या महिन्यात त्याच डीलरच्या मुलाचा फोन आला. आवाज गोड, “अंकल, आपले जुने संबंध आहेत.” महिन्याला पन्नास हजार नग लागतील म्हणाला. मी म्हटलं, देतो, आधी २०१८ चे चार महिने, मग शंभर टक्के ॲडव्हान्स.

“पप्पांना विचारून सांगतो,” म्हणाला. अजून फोन आलेला नाही.