सांगली ते माहेर, ३२ किलोमीटर

मागच्या रविवारी मी माहेरी गेले, पळत. पहाटे पावणेपाचला विश्रामबागेतून निघाले आणि नवाला दहा कमी असताना आमच्या मळ्याच्या बांधावर पोचले, घड्याळात ३२.२ किलोमीटर. तेव्हापासून लिहायचं लिहायचं म्हणतेय, आज वेळ मिळाला. जानेवारीत मुंबईला फुल मॅरेथॉन आहे, ४२.१९५ किलोमीटर, आणि त्याआधीचा हा माझा सगळ्यात मोठा लाँग रन होता. जरा सविस्तर लिहिते, विशेषतः ज्या बायका आत्ता आत्ता पळायला लागल्यात त्यांच्यासाठी, कारण मला काही गोष्टी फार उशिरा कळल्या आणि त्यात माझं एक अख्खं वर्ष गेलं.

गेल्या जानेवारीत मी हेच मुंबईचं फुल पळले होते. पहिला अर्धा भाग २ तास १० मिनिटांत झाला, सी-लिंकवर गार वारा होता, आजूबाजूला एवढी माणसं पळतायत, लोक टाळ्या वाजवतायत, मला वाटलं आज साडेचार तासांच्या आत येतेच मी. आणि तिसाव्या किलोमीटरनंतर घरातली लाईट जावी तसं झालं. कुठं दुखत नव्हतं, लचक नाही, क्रॅम्प नाही, नुसतं अंगात काही उरलंच नव्हतं. हाजी अलीच्या पुढं पेडर रोडचा चढ लागतो तिथं मी चालायला लागले. कडेला एक आजी उभ्या होत्या, नऊवारीतल्या, स्टीलच्या डब्यात संत्र्याच्या फोडी घेऊन, त्यांनी एक फोड पुढं केली तर ती मला बोटांत धरता येईना, बोटं गार पडलेली. मग त्यांनी ती माझ्या तोंडातच घातली. ५ तास ४ मिनिटं लागली. मेडल मिळालं, घरी सगळ्यांनी कौतुक केलं, पण मला रात्रभर झोप नाही, कारण चुकलं काय तेच कळत नव्हतं. ट्रेनिंग तर मन लावून केलं होतं.

आता कळतं. आपल्या स्नायूंमध्ये आणि लिव्हरमध्ये ग्लायकोजेनच्या रूपात साखर साठवलेली असते, साधारण ४०० ते ५०० ग्रॅम, म्हणजे २००० कॅलरीच्या आसपास. पळताना ढोबळ हिशेब असा की वजनाच्या प्रत्येक किलोला दर किलोमीटरमागं एक कॅलरी. माझं वजन ५८, म्हणजे ४२ किलोमीटरला २४०० च्या वर लागणार. बाकीचं चरबीतून येतं, ती सगळ्यांकडं भरपूर असते, पण चरबीतून ताकद सावकाश मिळते, आणि वेग जेवढा वाढवाल तेवढं शरीर साखरच मागतं. मी पहिल्या वीस किलोमीटरमध्येच बहुतेक साठा संपवून बसले होते, आणि वाटेत खाल्लं काय, तर दोन खजूर. पळणारे लोक ज्याला वॉल लागली म्हणतात ती ही. पायांची तयारी केली होती मी, पोटाची केलीच नव्हती.

त्यामुळं ऑगस्टच्या शेवटी परत सुरुवात केली तेव्हा ठरवलं की यंदा हळू पळायचं. सांगलीकरांना माहितीये, तेव्हा आपल्याकडं सगळं लक्ष नदीकडं असतं, कोयनेतून किती सोडलं, आयर्विन पुलापाशी किती फूट झालं. ४० फुटाला इशारा, ४५ ला धोका, आणि २०१९ ला ५७ च्या वर गेलेलं कुणी विसरलेलं नाही. हरिपूर रोडला पाणी जवळ आलं की तिकडचं पळणं बंद, मग विश्रामबाग ते मिरज रोड, नाहीतर कुपवाडकडं. हळू म्हणजे किती, तर १८० वजा वय, माझे १३८ ठोके, त्याच्या वर हार्टरेट जाऊ द्यायचा नाही. हे फार अवघड जातं हो. मागच्या वर्षी जी मी सहाच्या पेसनं, म्हणजे किलोमीटरला सहा मिनिटांनी, पळायचे ती आता साडेसात-पावणेआठनं पळतेय, मॉर्निंग वॉकवाले काकासुद्धा हात दाखवून पुढं जातायत. पण आठवड्याला पाच दिवस पळायचं आणि शरीर मोडू द्यायचं नाही तर चार दिवस असंच पळायला लागतं, एखाद्याच दिवशी काय तो जोर.

तरीसुद्धा सप्टेंबरात माझं काहीतरी बिनसलं. आठच्या पेसला ठोके १५५. जिना चढताना धाप, ऑफिसमध्ये चारनंतर डोळे मिटायला लागायचे, केस मूठमूठ गळायला लागले. ज्या ऑनलाइन कोचकडं पैसे भरले होते त्याला सांगितलं तर म्हणाला हे सगळं मनाचे खेळ आहेत, आणि आठवड्याचं मायलेज अजून वाढवून दिलं. मी वेडी तेही पळले तीन आठवडे. शेवटी आमच्या डॉक्टर मॅडमकडं गेले. त्यांनी पळण्याबद्दल एक अक्षर विचारलं नाही, पहिला प्रश्न पाळीत किती जातं आणि दुसरा प्रश्न घरात तू जेवतेस कधी. हिमोग्लोबिन निघालं ९.६. बायकांचं कमीत कमी १२ पाहिजे. रक्तातला ऑक्सिजन पायांपर्यंत पोचवणारं तेच, तेच कमी असल्यावर बिचारं हृदय जास्त ठोके मारणारच की, त्यात मनाचा काय खेळ? मी तिथंच रडले, खरं सांगते, वाईट वाटून नाही तर सुटल्यासारखं वाटून.

आयर्नच्या गोळ्या सुरू झाल्या. लिंबूपाण्याबरोबर घ्यायच्या, आणि चहा त्याच्या मागं-पुढं तास-दीड तास तरी नाही, कारण चहानं लोह अंगी लागत नाही. आपल्या घरांत गोळी चहाबरोबरच घेतली जाते म्हणून मुद्दाम लिहितेय. पळणं महिनाभर निम्म्यावर आणलं, कोचचा प्लॅन बंद केला. आणि जेवायची वेळ बदलली. मी संध्याकाळी साडेसहाला ऑफिसमधून येऊन सगळ्यांना वाढून साडेनऊला उरलेल्यात जेवायचे, कधी एक चपाती आणि भात, कधी नुसता भात. सासूबाईंना फक्त एवढंच सांगितलं की रक्त कमी आहे. दुसऱ्या दिवशी पहिलं ताट त्यांनी माझं वाढलं. मी नको नको म्हणत होते तर म्हणाल्या, "बस गं, भाकरी गरम आहे तोवर खा." स्वतः चाळीस वर्षं शेवटी जेवलेली बाई. आता आम्ही दोघी पहिल्या पंगतीला बसतो. त्यांचंपण रक्त तपासून आणलं, ते वेगळं सांगेन कधीतरी. डिसेंबरच्या सुरुवातीला माझं ११.८ आलं आणि तोच पेस, तेच ठोके, परत जाग्यावर.

ऑलिंपिकमध्ये बायकांची मॅरेथॉन १९८४ ला पहिल्यांदा झाली, लॉस एंजेलिसला. मी तेव्हा जेमतेम वर्षाची. त्याआधी बायकांच्या शरीराला एवढं झेपत नाही असंच धरून चाललेले. आणि २०१६ ला आपल्या शेजारच्या सातारा जिल्ह्यातली, माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीच्या, फायनलला पळाली. त्याआधी मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय बायकांत ती तीनदा पहिली आली होती. माणसारख्या दुष्काळी भागातून! तिचं नाव मी आमच्या ग्रुपमधल्या प्रत्येक नवीन मुलीला सांगते.

आता बेदाणे. पळताना खायचं ते पाकिटातलं गोड एनर्जी जेल मला सोसत नाही, दोनदा खाल्लं, दोन्ही वेळा पोट बिघडलं, आणि एकेक पाकीट शंभराच्या वर. आमचं माहेर तासगाव तालुक्यात, बाबांची द्राक्षबाग, स्वतःची छोटी बेदाण्याची शेड. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय. मला हे आधी का सुचलं नाही देव जाणे. १०० ग्रॅम बेदाण्यात जवळजवळ ८० ग्रॅम कार्बोहायड्रेट असतं, आणि एवढा वेळ पळताना तासाला ३० ते ६० ग्रॅम पोटात जायला पाहिजे. म्हणजे तासाला ५० ग्रॅम बेदाणा, बास. पण कोरडा खाऊन बघितला तर पंधराव्या किलोमीटरला तोंड सुकलेलं असतं, बेदाणा टाळूला चिकटून बसतो, गिळता येत नाही, पळता पळता ठसका लागला. मग बाबांनीच सांगितलं की आधी चांगले धुऊन घे, द्राक्षं वाळवायच्या आधी डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवलेली असतात. तर धुवायचे, रात्री थोड्या पाण्यात भिजवायचे, सकाळी निथळून मीठ आणि लिंबू चोळायचं आणि प्लॅस्टिकच्या छोट्या पुड्या करायच्या. भिजवायच्या आधी वजन करून पुडीला २५ ग्रॅम, दर अर्ध्या तासाला एक पुडी, भूक लागो न लागो. भूक लागायची वाट बघितली तर उशीर झालेला असतो. पाण्याचंपण तसंच, नुसतं पाणी ढोसायचं नाही, त्यानं रक्तातलं सोडियम उतरतं आणि ते जिवावर बेतू शकतं, मी ओआरएस घोट घोट घेते.

तर रविवार. नवरा ॲक्टिव्हावर मागं, हेडलाईट माझ्या पायांपुढं, डिकीत ओआरएसच्या बाटल्या. माधवनगर अंधारातच गेलं. बुधगावच्या पुढं उसाचे ट्रॅक्टर सुरू झाले, दोन दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, स्पीकरवर गाणी एवढी मोठी की मागून काय येतंय कळत नाही, आणि मागच्या ट्रॉलीला रिफ्लेक्टर नाही. सीझनमध्ये पहाटे पळणाऱ्यांनो, डोक्याला टॉर्च, अंगात रिफ्लेक्टरचं जॅकेट आणि रस्ता सोडून कडेच्या मातीतून, याला पर्याय नाही. कवलापूरला धुकं लागलं. कवठेएकंदपर्यंत असं दाट की नवऱ्याचा फक्त आवाज येत होता, "पुडी खाल्लीस का?" उजाडताना दोन्ही बाजूच्या बागांतून ब्लोअर सुरू झाले. धुकं आणि दव पडलं की डावण्याची, म्हणजे द्राक्षावरच्या बुरशीच्या रोगाची, भीती, त्यामुळं सगळं गाव फवारणीला, आणि तो औषधाचा उग्र वास. मी लहानपणापासून त्याच वासात वाढलेय, पण पळताना नाकाला ओढणी बांधून दोन किलोमीटर काढले.

तासगावात गणपतीचं सात मजली गोपुर दिसलं तेव्हा २५.६ झाले होते. मी रस्त्यातूनच हात जोडले. इथून पुढं मला भीती होती, मुंबईत जिथं सगळं संपलं होतं ती वेळ जवळ येत होती. अठ्ठावीस झाले, एकोणतीस, मी सारखी बोटं उघडमीट करून बघत होते, गार पडतायत का. तिसाव्याला मांड्या जड झाल्या, डाव्या पायाच्या अंगठ्याचं नख बुटाला घासत होतं, दमले होते मी, फार दमले होते, पण तो अंधार आला नाही. पुडी उघडली, बोटांनी एकेक बेदाणा उचलता आला. शेवटचे दोन किलोमीटर ७:२० नं आले, ठोके १४४.

बाबा बागेतच होते. मला बघून ब्लोअर बंद केला, तोंडावरचा टॉवेल सोडला, आणि घड्याळ बघितलं आधी. "चार तास की गं," म्हणाले. आईनं दारातच थांबवलं, भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायांवर तांब्याभर पाणी घातलं, गार पाणी, आणि त्या पाण्यानं मला जे बरं वाटलं ते सांगता येणार नाही. मग ज्वारीची भाकरी, पावट्याची आमटी, दह्याची वाटी, पहिलं ताट माझं.

आता टेपर. तीन आठवडे पळणं कमी कमी करत न्यायचं, झोप वाढवायची, नवीन काही करायचं नाही, बूटसुद्धा हेच. निघताना बाबांनी विचारलं, मुंबईला बेदाणे किती लागतील? मी हिशेब केला, ४ तास ४० मिनिटं धरली तर आठ-नऊ पुड्या, दोनशे-सव्वादोनशे ग्रॅम. त्यांनी शेडमधून दोन किलो बांधून आणले. एवढे कशाला म्हटलं तर म्हणाले, "वाटेत कुणाचं संपलं असंल तर दे."