मूठमाती

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. ग्रीक नाटककार सोफोक्लीसचं 'अँटिगनी' हे नाटक शिकवलं की तास संपल्यावर कुणीतरी थांबतंच: "मॅडम, बरोबर कोण? ती की क्रेऑन?" तुमचाही प्रश्न तोच.

नाटक इसवी सनापूर्वी 441 च्या सुमाराचं, अथेन्समधलं. थीब्ज या ग्रीक शहराच्या गादीसाठी लढणारे दोन सख्खे भाऊ एकमेकांच्या हातून मरतात. त्यांचा मामा क्रेऑन राजा होतो. भावांपैकी शहरावर चाल करून आलेल्या पॉलिनायसीसचं प्रेत उघड्यावर टाका, असा त्याचा हुकूम. बहीण अँटिगनी तो मोडते. कोरडी माती भुरभुरते, बस्स. आपण ज्याला मूठमाती म्हणतो, अक्षरशः तेवढंच. मामा तिला जिवंतपणी गुहेत कोंडतो.

माझ्या मते बरोबर अँटिगनीच. पूर्वी मी जर्मन तत्त्वज्ञ हेगेलला धरून सांगायचे, की दोन्ही बाजू न्याय्य आहेत आणि शोकांतिका त्यांच्या टकरीत आहे. आता तसं सांगवत नाही. देशद्रोह्याला अटिकाच्या, म्हणजे अथेन्सच्या मुलखाच्या, मातीत पुरायला अथेन्समध्येही बंदी होती, म्हणजे क्रेऑनचा हुकूम तिथल्या प्रेक्षकांना अगदीच परका नव्हता. पण हद्दीबाहेर नेऊन पुरायची वाट तरी होती. क्रेऑन तीही ठेवत नाही, प्रेतावर पहारा बसवतो.

आणि मला खरा क्रेऑन दिसतो तो पुढे, तो नमल्यावर. प्रेताचे लचके पक्षी-कुत्र्यांनी वेदींवर आणून टाकलेत, देव कोपलेत, असं आंधळा भविष्यवेत्ता टायरेसिअस बजावतो. क्रेऑन हादरतो, काय करू विचारतो. कोरस, म्हणजे नाटकातला वृद्ध नागरिकांचा समूह, क्रमाने सांगतो: जा, पोरीला गुहेतून सोडव, आणि उघड्यावरच्या मृताला थडगं बांध. तो नेमका उलटा जातो. आधी प्रेताचे अवशेष धुतो, ताज्या फांद्यांवर जाळतो, वर मायभूमीच्या मातीचा उंच ढीग रचतो. जिवंत पोर थांबलेली, आणि हा मेलेल्याचं यथासांग करतोय! देवांशी हिशेब मिटवायची त्याला घाई आहे. भाची अजूनही दुसऱ्या नंबरावरच. कित्येक वाचनांत हे माझ्या नजरेतून निसटलं होतं, कारण सोफोक्लीस त्यावर बोटच ठेवत नाही. दूत येतो आणि घडलं त्या क्रमाने सांगत जातो.

ते भाषण सावकाश वाचा. माती लोटून झाल्यावर सगळे गुहेकडे वळतात. तिथून रडणं ऐकू येतं. क्रेऑन जवळ जातो आणि आवाज ओळखतो. तो अँटिगनीचा नाही, तिने गळफास घेतलाय. तिच्याशी लग्न ठरलेल्या हीमॉनचा आहे, क्रेऑनच्या स्वतःच्या मुलाचा.