साडेसातशे फ्रेम आणि एक अर्धा र

तीस सेकंदांची जाहिरात म्हणजे 750 फ्रेम. आपल्या टीव्हीचा हिशोब सेकंदाला पंचवीसचा. मुंबईत बारा वर्षं मी एडिटला होतो. शेवटच्या पॅक शॉटमध्ये, म्हणजे माल दाखवणाऱ्या दृश्यात, साबणाची वडी दोन फ्रेम जास्त दिसावी की कमी, यावर सात माणसं पहाटे तीनपर्यंत भांडायची. मीही भांडायचो. खोटं कशाला बोलू, मजा यायची.

मार्च 2020 मध्ये शूटिंगं थांबली आणि मी अमळनेरला घरी आलो. एका ठिकाणी तीन महिन्यांचे पैसे अडकले, ते अडकलेच. पुढच्या वर्षभराबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

मग गल्लीतले आप्पा आले. निवृत्त शिक्षक. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, अहिराणी गाण्यांचा त्यांचा संग्रह 1998 साली धुळ्यात छापला होता, प्रती कधीच संपल्या. हातात एक सीडी. "भाऊ, तू कम्प्युटरमधला माणूस. पोरी आता मोबाइलवरच वाचतात. तसं करी दे."

मला वाटलं, दोन दिवसांचं काम.

फाइल पेजमेकरची, म्हणजे पानं मांडायच्या जुन्या सॉफ्टवेअरची. उघडली तर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा नुसता कचरा. जुन्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवलेले असायचे. तो फॉन्ट नसला की खालचं सगळं उघडं पडतं. शिवाय तिथे पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये, म्हणजे आता सगळीकडे चालणाऱ्या अक्षर-संकेतात, ती अक्षरानंतर साठवली जाते. जुन्या फॉन्टचं युनिकोड करणारा एक कन्व्हर्टर मिळाला, त्याने वेलांट्या नीट फिरवल्या. खूश होऊन प्रिंट काढली आणि आप्पांना दिली.

त्यांनी पहिलं पान वाचलं, चष्मा काढला. "हाई मन्ही अहिराणी नही शे, भाऊ."

कन्व्हर्टरने आडवा अर्धा र ओळखलाच नव्हता. जिथे 'ऱ्ह' हवा तिथे ह च्या डोक्यावर रफार. मराठीत हे दर दोन पानांनी एकदा खटकलं असतं; अहिराणीत 'काय करी ऱ्हायना' म्हटल्याशिवाय गप्पाच सुरू होत नाहीत! सगळे रफार एका फटक्यात बदलले, तर प्रमाण मराठीतल्या प्रस्तावनेचं वाटोळं झालं. आप्पांनी मानलेले आचार्यांचे आभार आचाऱ्यांचे झाले. आप्पा पोट धरून हसले. म्हणाले, त्यांचेही मानायला हवे होते, प्रकाशनाची वरण-बट्टी झकास होती. शेवटी छापील प्रत मांडीवर घेऊन एकेक शब्द तपासला. 412 जागा निघाल्या. फ्रेम-फ्रेम बघायची सवय इथे कामी आली.

मांडणीत मात्र तीच सवय नडली. टीव्हीत कडेला सुरक्षित हद्द सोडून अक्षरं बसवतात, म्हणजे कुठल्याही सेटवर ती कापली जात नाहीत. मी प्रत्येक पान तसंच फ्रेमसारखं बांधलं, चौकट, वेलबुट्टी, सगळं जागच्या जागी. आप्पांच्या मोबाइलवर ते पोस्टाच्या तिकिटाएवढं दिसलं. दोन बोटांनी ताणायचं, सरकवायचं, ओळ हरवायची. मला राग आला, तोही त्यांच्यावर. इतकं देखणं पान आणि हे अक्षर मोठं कसं करू विचारतात!

उपाय होता ईपब, ई-पुस्तकाचा एक फाइल-प्रकार. आतून ती वेबपानांची झिप फाइल. अक्षर केवढं, ओळ कुठे मोडणार, हे वाचणारा ठरवतो. मला ते पटायला आठवडा लागला. चौकटी गेल्या, पानांचे आकडे गेले. फक्त गाण्याची ओळ मोडलीच, तर उरलेला तुकडा थोडा आत सरकून येईल एवढी सोय केली, नाहीतर एका ओळीच्या दोन झाल्या असं वाटून चाल बिघडते.

बाकी सोपं होतं. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख-क्रमांक, आपल्याकडे फुकट मिळतो, मात्र छापील आणि ई-पुस्तकाला वेगवेगळा लागतो. किंडलवर मराठी पुस्तकं 2016 पासून आहेत, पण आप्पांना ती भानगड नको होती. त्यांनी फाइल व्हॉट्सअॅपवर सगळ्या भाच्यांना पाठवून दिली, फुकट. माझे पैसे त्यांनी पेन्शनमधून दिले, मी नको म्हणत असताना. त्यानंतर दोन कविता-संग्रह आणि एका कॉलेजचं वार्षिक आलं. मुंबईतल्या एका दिवसाच्या पैशात इथे महिना जातो, जेमतेम.

परवा आप्पा कानबाईच्या, म्हणजे आमच्या खानदेशातल्या देवीच्या, गाण्यांची वही ठेवून गेले. हाताने लिहिलेली आहे. म्हणजे फॉन्टची भानगड नाही, आप्पांच्या अक्षराची आहे.